नादिन आंगेरर: दहा वर्षे राखीव राहिलेली गोलरक्षक जगात सर्वोत्तम कशी ठरली?

क्रीडाशिक्षिका_कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवते आणि मुलींच्या फुटबॉल संघाची तयारी माझ्याकडे असते. आमच्या संघात दोन गोलरक्षक मुली आहेत. पहिली इतकी भरवशाची आहे की तिला बाहेर ठेवायला कारणच सापडत नाही, आणि दुसरी, जी मेहनतीत तिच्यापेक्षा तसूभरही कमी नाही, ती सामन्यामागून सामना हातमोजे चढवून बाकावर बसून असते. परवा तिच्या आईने मला सरळच विचारले, "बाई, हिला कधी खेळायला मिळणार आहे का? नसेल तर तसे सांगा, म्हणजे ती अभ्यासाला तरी लागेल." मी त्यांच्याकडे थोडा वेळ मागून घेतला आहे.

याच विचारात असताना जर्मनीच्या नादिन आंगेररविषयी वाचनात आले. १९९६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ती राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळली. परंतु विश्वचषकात पहिल्या पसंतीची गोलरक्षक म्हणून उतरायला तिला २००७ साल उजाडावे लागले. त्या स्पर्धेत तिने एकही गोल होऊ दिला नाही, आणि २०१३ सालासाठीचा फिफाचा सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा पुरस्कार तिला मिळाला.

माझा प्रश्न मधल्या काळाविषयी आहे. त्या दहा-अकरा वर्षांत तिने नेमके काय केले? तिने धीर धरला, एवढे म्हणून माझे समाधान होत नाही, कारण धीर धरणाऱ्या आणि तरीही विस्मरणात गेलेल्या गोलरक्षक कितीतरी असतील. आघाडीची किंवा मधल्या फळीतली राखीव खेळाडू निदान शेवटच्या वीस मिनिटांसाठी तरी मैदानात उतरते. गोलरक्षकाच्या वाट्याला तेवढेही येत नाही. जाणकारांनी आंगेररच्या किंवा तिच्यासारख्या इतर गोलरक्षकांच्या वाटचालीच्या आधारे सविस्तर लिहावे, ही विनंती. त्या आईला मला खरे उत्तर द्यायचे आहे, मग ते गोड नसले तरी चालेल.

माइनकाठ (फ्रँकफर्ट)

ताई, मी फ्रँकफर्टमध्ये राहतो. आंगेरर २००९ ते २०१३ या काळात येथील १. एफएफसी फ्रँकफर्ट या क्लबकडून खेळत होती आणि त्या वर्षांत तिचा खेळ मी जवळून पाहिला आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

तिचा जन्म १० नोव्हेंबर १९७८ रोजी लोहर आम माइन या बव्हेरियातील गावी झाला. लहानपणी ती आघाडीला खेळत असे. संघातील गोलरक्षक जखमी झाली म्हणून तिला गोलमध्ये उभे केले गेले आणि निवड करणाऱ्यांना ती तेथे आवडली. ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सांगितली जाते, पण तिचा पुढे मोठा उपयोग झाला. १९९२ साली नियम बदलला आणि सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेणे बंद झाले. तेव्हापासून पाय चांगले असलेल्या गोलरक्षकाचे मोल वाढत गेले, आणि जिचे बालपण आघाडीला खेळण्यात गेले होते तिला या बदलाचे ओझे वाटले नाही.

राष्ट्रीय संघात तिच्यापुढे सिल्के रोटेनबर्ग होती. ती आंगेररपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी आणि त्या काळातील जगातल्या पहिल्या काही गोलरक्षकांपैकी एक. २००३ साली अमेरिकेत जर्मनीने पहिल्यांदा विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात स्वीडनला २-१ असे हरवले, तेव्हा गोलमध्ये रोटेनबर्ग होती आणि आंगेरर बाकावर. विश्वविजेत्या संघाचे पदक तिला मिळाले, खेळायला मिळाले नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर. याच काळात, २००१ पासून, आंगेरर टुर्बिने पोट्सडाम या क्लबची पहिली गोलरक्षक होती. हा पूर्व जर्मनीच्या काळापासूनचा जुना क्लब. बेर्न्ड श्रोडर यांनी १९७१ पासून तो घडवला आणि त्यांची शिस्त कडक होती. तिच्या तेथील वास्तव्यात पोट्सडामने २००४ आणि २००६ ची लीग जिंकली, २००४ ते २००६ असे सलग तीन वर्षे जर्मन चषक जिंकला आणि २००५ साली युरोपातील क्लबांची स्पर्धाही जिंकली. जर्मनीच्या महिला बुंडेसलीगामध्ये तेव्हा बारा संघ असत, म्हणजे प्रत्येक क्लबला हंगामात २२ लीग सामने, शिवाय चषकाचे आणि युरोपातले वेगळे. राष्ट्रीय संघात जी बसून होती, ती आठवड्यातून एकदा स्वतःच्या क्लबसाठी पूर्ण ९० मिनिटे गोल राखत होती, मोठ्या सामन्यांचा ताण घेत होती आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उभी राहत होती. मला वाटते, तिच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली येथे आहे. ती राखीव होती ती फक्त जर्मनीच्या संघात.

२००७ च्या आरंभी रोटेनबर्गच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. ती बरी होऊन चीनमधील विश्वचषकाच्या संघात परतली, पण प्रशिक्षक सिल्व्हिया नाइड यांनी तोवर स्थिर झालेल्या आंगेररलाच पुढे खेळवले. अर्जेंटिनाविरुद्ध ११-०, इंग्लंडविरुद्ध ०-०, जपानविरुद्ध २-०, उत्तर कोरियाविरुद्ध ३-०, नॉर्वेविरुद्ध ३-० आणि ३० सप्टेंबरला शांघायमध्ये ब्राझीलविरुद्ध २-०. सहा सामने, ५४० मिनिटे, आणि एकही गोल नाही. इटलीच्या वॉल्टर झेंगाने १९९० च्या पुरुषांच्या विश्वचषकात सलग ५१७ मिनिटे गोल होऊ दिला नव्हता. तो विक्रम अंतिम सामन्यात मागे पडला. विजेत्या संघाने संपूर्ण विश्वचषकात एकही गोल न स्वीकारण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या अंतिम सामन्यातला ६४ व्या मिनिटाचा क्षण फार महत्त्वाचा आहे. जर्मनी १-० ने पुढे होती आणि ब्राझीलला पेनल्टी मिळाली. मारायला मार्टा, जी त्या स्पर्धेत कोणालाच आवरत नव्हती. आंगेररने ती अडवली. गोल झाला असता तर सामना कोठेही जाऊ शकला असता. येथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी, ती ही की तिच्यापुढे श्टेगेमान, क्राह्न, हिंगस्ट आणि ब्रेसोनिक अशी भक्कम बचाव फळी होती, आणि कित्येक सामन्यांत तिला फार थोडे काम पडले. परंतु गोलरक्षकाची कसोटी बऱ्याचदा अशीच असते. तासभर काही करायला नसते आणि मग एकदम सर्व काही तिच्यावर येते.

जुना_गोलकीपर (मुंबई)

वरील प्रतिसाद उत्तम आहे आणि क्लबविषयीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी त्याच २००७ च्या स्पर्धेतील दुसरी बाजू मांडतो, कारण निवड करणाऱ्या माणसाच्या हाती गोलरक्षकाची कारकीर्द किती असते हे तीतून फार स्पष्ट दिसते, आणि क्रीडाशिक्षिका ताई स्वतः निवड करणाऱ्या आहेत.

अमेरिकेच्या संघात तेव्हा होप सोलो पहिली गोलरक्षक होती आणि तिने सलग तीन सामन्यांत गोल होऊ दिला नव्हता. उपांत्य सामना ब्राझीलशी होता. प्रशिक्षक ग्रेग रायन यांनी तिला बाहेर बसवून ब्रायना स्करीला उतरवले. त्यांचा विचार अगदीच निराधार नव्हता, कारण त्याच वर्षी जूनमध्ये स्करी ब्राझीलविरुद्ध खेळली होती आणि अमेरिकेने तो सामना २-० असा जिंकला होता. शिवाय स्करी म्हणजे काही साधी खेळाडू नव्हती. १९९९ च्या विश्वचषकात, पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये ९० हजारांवर प्रेक्षकांसमोर, चीनच्या लिऊ यिंगची पेनल्टी अडवून अमेरिकेच्या विजयाचा पाया तिनेच घातला होता. १९९६ आणि २००४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके तिच्याकडे होती. परंतु २००७ च्या सप्टेंबरात ती कित्येक आठवडे पूर्ण सामना खेळलेली नव्हती. अमेरिका ४-० ने हरली. पहिला गोल तर स्वतःच्याच खेळाडूकडून झाला आणि मध्यंतरापूर्वी एक खेळाडू लाल कार्डामुळे बाहेर गेली, त्यामुळे साऱ्याचा दोष स्करीवर टाकणे अन्यायाचे आहे. तिच्यापुढे संघच कोसळला होता.

सामन्यानंतर सोलोने उघडपणे या निर्णयावर टीका केली आणि तिसऱ्या स्थानाच्या सामन्यासाठी तिला संघाबाहेर ठेवण्यात आले. रायन यांना पुढे पद सोडावे लागले. नवीन प्रशिक्षक पिया सुंधागे यांनी सोलोला परत आणले आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळवले. अंतिम सामना पुन्हा ब्राझीलशीच होता आणि अतिरिक्त वेळेत अमेरिका १-० ने जिंकली.

म्हणजे एकाच स्पर्धेत तीन गोलरक्षक. एकीला सहकारी गोलरक्षकाच्या दुखापतीमुळे संधी मिळाली आणि प्रशिक्षकाने तिच्यावरचा विश्वास शेवटपर्यंत टिकवला. दुसरी खेळत असताना बाहेर काढली गेली. तिसरी खेळाच्या सरावात नसताना आत ढकलली गेली. ताई, माझे स्पष्ट मत असे आहे की राखीव गोलरक्षकाला केवळ सरावात मेहनत करायला लावून सामन्याला तयार समजणे ही तिची फसवणूक आहे. सरावात मारलेला चेंडू कोठून येणार हे कळत असते. सामन्यात कॉर्नरच्या वेळी सहा-सात अंगे समोर असतात, पंच कोठे उभे आहेत हे पाहायचे असते, आपल्या बचावपटूंना हाका मारून जागेवर आणायचे असते, आणि बाहेर पडायचे की रेषेवर थांबायचे हे क्षणात ठरवायचे असते. हे सामन्याशिवाय येत नाही. स्करीसारख्या थोर गोलरक्षकालाही त्याची उणीव भासली असेल, तर शाळेतल्या मुलीचे काय?

उंचीचा प्रश्न बहुधा पुढे येईलच, म्हणून आताच लिहून ठेवतो. महिलांच्या सामन्यातही गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंचच असतो, आणि पेनल्टीचे अंतर ११ मीटरच असते. आंगेररची उंची १.७५ मीटर होती, म्हणजे आजच्या मापाने फार नव्हे. जागा धरणे, पाय हलके ठेवणे आणि मारणारीकडे नीट पाहणे यांवर तिने ती उणीव भरून काढली. आपल्या मुलींना कोणी उंचीवरून परत पाठवत असेल तर कृपया तसे होऊ देऊ नका.

क्रीडाशिक्षिका_कोल्हापूर

दोघांचेही मनापासून आभार. क्लब आणि राष्ट्रीय संघ या दोन पातळ्यांचा विचार मी केलाच नव्हता. आमच्याकडे एकच पातळी आहे, ती म्हणजे शाळेचा संघ.

आणखी दोन गोष्टी विचारते. त्या आईच्या मनात दुखापतीची भीतीही आहे. पुढे धावत येणाऱ्या मुलीच्या पायाशी झेप घ्यायची म्हणजे डोक्याला लागणार, असे त्या म्हणतात. आणि दुसरे, आंगेररचा २०१३ चा पुरस्कार कोणत्या कामगिरीबद्दल होता? २००७ नंतर लगेच का नाही?

फिजिओ_पुणे

दुखापतीविषयी लिहितो, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

आईची भीती खोटी नाही. ब्रायना स्करीचेच उदाहरण पुढे चालवतो. २०१० साली वॉशिंग्टन फ्रीडमकडून खेळताना, खाली वाकून चेंडू उचलत असताना, समोरून आलेल्या खेळाडूचा गुडघा तिच्या डोक्याच्या बाजूला लागला. त्यानंतर ती पुन्हा कधीही स्पर्धात्मक फुटबॉल खेळली नाही. डोकेदुखी, एकाग्रता न होणे, नैराश्य असा त्रास तिला कित्येक वर्षे झाला, उत्पन्न थांबले आणि तिला आपली ऑलिंपिक सुवर्णपदके गहाण ठेवावी लागली. २०१३ मध्ये डोक्याच्या मागील भागातील मज्जातंतूवर शस्त्रक्रिया झाल्यावर तिला आराम पडू लागला. पदके तिने सोडवून घेतली आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर हॉल ऑफ फेमसाठी तिची निवड झाली. हा मान मिळवणारी ती पहिली महिला गोलरक्षक. १७३ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या खेळाडूवर अशी वेळ आली, ही गोष्ट कोणत्याही पालकापासून लपवू नये.

त्याच वेळी हेही सांगायला हवे की आज या दुखापतीकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. मेंदूला धक्का बसल्याची शंका असलेल्या खेळाडूसाठी जादा बदली खेळाडू देण्याची चाचणी २०२१ पासून सुरू झाली आणि २०२४ पासून ती तरतूद खेळाच्या नियमांत आली. शालेय पातळीवर आपल्याला एवढा एकच नियम पुरेसा आहे की डोक्याला मार लागलेली मुलगी त्या दिवशी परत मैदानात उतरणार नाही, ती कितीही "मी बरी आहे" म्हणाली तरी. ताई, हा निर्णय आपला असतो, मुलीचा नसतो, आणि स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही तो तसाच असतो.

गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त आहे, आणि ही दुखापत बहुतेक वेळा कोणाचा धक्का न लागता, उडी मारून चुकीच्या पद्धतीने जमिनीवर येताना किंवा झटकन दिशा बदलताना होते. गोलरक्षकाचा तर उडी हा धंदाच आहे. म्हणून दोन्ही मुलींना सरावाच्या आरंभी उडी मारून गुडघे आत न वळवता मऊ उतरण्याचा, एका पायावर तोल सांभाळण्याचा आणि मांडीच्या मागील स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम नेमाने द्यावा. पायाशी झेप घेताना डोके आधी न जाता हात आधी गेले पाहिजेत आणि शरीर चेंडूच्या मागे आडवे पडले पाहिजे, हे दगडमातीच्या मैदानावर शिकवू नका. हिरवळ, वाळू किंवा गादी, जे मिळेल त्यावर शिकवा.

माइनकाठ (फ्रँकफर्ट)

पुरस्काराविषयी. २००७ चा पुरस्कार मार्टाला मिळाला आणि ते योग्यच होते. आंगेररसाठी निर्णायक ठरली ती २०१३ ची युरोपियन स्पर्धा. त्या वेळी ती ३४ वर्षांची होती, संघाची कर्णधार होती, आणि जर्मनीच्या अनेक अनुभवी खेळाडू दुखापतीमुळे नसल्याने सोबत तरुण मुली होत्या. गटात नेदरलँड्सशी बरोबरी आणि नॉर्वेकडून ०-१ असा पराभव झाल्यामुळे आरंभी टीकाही झाली. त्यानंतर इटली आणि यजमान स्वीडन यांना प्रत्येकी १-० ने हरवून संघ अंतिम सामन्यात पोहोचला. २८ जुलैला सोल्ना येथे पुन्हा नॉर्वे समोर होती. आंगेररने त्या एका सामन्यात दोन पेनल्टी अडवल्या, पहिल्या अर्धात ट्रीने रॉनिंगची आणि दुसऱ्या अर्धात सोल्वेग गुलब्रान्सेनची, आणि आन्या मिट्टागच्या एकमेव गोलावर जर्मनी जिंकली. संपूर्ण स्पर्धेत तिच्याविरुद्ध एकच गोल झाला. फिफाचा तो पुरस्कार मिळवणारी ती स्त्री-पुरुषांतील पहिली गोलरक्षक. कोणी लेव्ह याशिन यांचे नाव घेईल म्हणून लिहितो की त्यांना १९६३ साली मिळालेला बॅलन डी'ओर हा युरोपातील वेगळा पुरस्कार होता.

पेनल्टीबाबत तिची एक पद्धत मला फार शिकण्यासारखी वाटते. ती फार लवकर एका बाजूला झेपावून मोकळी होत नसे. शरीर शक्य तेवढा वेळ उभे ठेवी, आणि त्यामुळे मधोमध किंवा जवळून आलेला चेंडू पायांनी अडवणे तिला जमत असे. २०१५ च्या विश्वचषकात माँट्रियल येथे फ्रान्सविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टींवर गेला, तेव्हा फ्रान्सच्या क्लेर लावोजेची पाचवी पेनल्टी तिने गुडघ्याने अडवली आणि जर्मनी ५-४ ने जिंकली. आज ही पद्धत अधिकच महत्त्वाची झाली आहे. २०१९ पासून चेंडू मारला जाईपर्यंत गोलरक्षकाचा निदान एक पाय रेषेवर हवा हे काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले, आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात नायजेरियाच्या चियामाका नादोझीला त्याचा फटका बसला. फ्रान्सच्या वेंडी रेनारचा फटका खांबाला लागून बाहेर गेला होता, पण नादोझी रेषेच्या पुढे आली म्हणून तो पुन्हा मारायला दिला गेला आणि गोल झाला. आपल्या मुलींना पहिल्या दिवसापासून रेषेवर पाय ठेवायची सवय लावा.

तिच्या वाट्याला पराभवही आले. २०११ मध्ये विश्वचषक जर्मनीतच होता. बर्लिनच्या सलामीच्या सामन्यात कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरने ८२ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल केला आणि आंगेररची विश्वचषकातील ६२२ मिनिटांची अभेद्य मालिका तुटली. उपांत्यपूर्व फेरीत जपानने अतिरिक्त वेळेत १-० ने हरवले, आणि घरच्या मैदानावर एवढ्या अपेक्षा असताना तो घाव जिव्हारी लागला होता, हे मी येथे अनुभवले आहे. २०१३ ची स्पर्धा तिने या पराभवानंतर दोन वर्षांनी जिंकली, ही गोष्ट मला तिच्या पुरस्काराइतकीच मोठी वाटते.

१४६ आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर २०१५ मध्ये ती निवृत्त झाली. अखेरच्या काळात ती ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनकडून आणि अमेरिकेत पोर्टलंड थॉर्न्सकडून खेळली, पुढे पोर्टलंडमध्येच गोलरक्षकांची प्रशिक्षक झाली आणि नंतर स्वित्झर्लंडच्या महिला संघाकडे त्याच कामासाठी गेली. तेथे मुख्य प्रशिक्षक होत्या त्याच पिया सुंधागे, ज्यांचा उल्लेख वर आला आहे.

मडगावकर

भारतातील परिस्थितीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण पोट्सडामचे उदाहरण वाचून ताईंच्या हाती काय लागणार, हा प्रश्न राहतोच.

आपल्याकडे अदिती चौहानची कारकीर्द पाहावी. चेन्नईत जन्म, दिल्लीत शिक्षण, आणि मग उच्च शिक्षणासाठी इंग्लंडमधील लाफबरो विद्यापीठ. तेथे शिकत असतानाच २०१५ साली ती वेस्ट हॅमच्या महिला संघात दाखल झाली आणि इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय महिला ठरली. तो संघ तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता, तरी तेथे हंगामभर नियमित सामने होते, आणि तिने ते निवडले हे महत्त्वाचे आहे. परत आल्यावर गोकुळम केरळकडून ती इंडियन विमेन्स लीगची विजेती झाली, मध्यंतरी आइसलँडमधील हमार या क्लबकडूनही खेळली.

आपली ही महिला लीग सुरू झाली तीच मुळी २०१६-१७ च्या हंगामात. आरंभीची वर्षे अंतिम फेरीचे सामने एकाच ठिकाणी काही आठवड्यांत उरकले जात आणि २०२०-२१ चा हंगाम महासाथीमुळे झालाच नाही. घरच्या आणि परक्या मैदानावर आलटून पालटून खेळण्याची पद्धत २०२३-२४ मध्ये आली, तीही सात संघांत, म्हणजे प्रत्येकी बारा सामने. जर्मनीतील २२ सामन्यांशी याची तुलना करा. त्यातही प्रत्येक क्लबचा गोल एकच, म्हणजे देशभरात नियमित खेळणाऱ्या गोलरक्षक किती, हे हाताच्या बोटांवर मोजता येते. मुलींच्या निष्ठेत काही कमी नाही. कमी आहेत ते सामने, आणि याबद्दल आपण सर्वांनी आवाज उठवायला हवा असे मला तळमळीने वाटते.

महाराष्ट्रातील वाचकांना २०२२ चा आशियाई चषक आठवत असेल. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे सामने होते. २० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इराण यांचा सामना ०-० सुटला. एका गोलमध्ये अदिती होती आणि दुसऱ्या गोलमध्ये इराणची झोहरे कुदाई, जिने भारताचे हल्ले परतवून लावले. तीन दिवसांनी संघातील अनेक खेळाडूंना करोनाची लागण झाल्यामुळे भारताला चायनीज तैपेईविरुद्ध संघच उतरवता आला नाही आणि स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. मायदेशातल्या आशियाई चषकात आपल्या गोलरक्षकाच्या वाट्याला एकच सामना आला.

तरीही वाट बंद झालेली नाही. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे भारताने थायलंडला २-१ ने हरवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला, पात्रता सामने खेळून प्रथमच. त्या मोहिमेत गोल सांभाळला तो मणिपूरच्या पांथोई चानूने, जी ऑस्ट्रेलियातील मेट्रो युनायटेड या क्लबकडून खेळण्याचा अनुभव घेऊन आली होती. त्याच महिन्यात अदितीने निवृत्ती जाहीर केली. दोघींच्याही बाबतीत एक गोष्ट समान आहे. खेळायला मिळेल तेथे त्या गेल्या, क्लब लहान की मोठा हे पाहत बसल्या नाहीत.

जुना_गोलकीपर (मुंबई)

मडगावकरांशी सहमत. मान्यतेच्या प्रश्नावर एकच भर घालतो. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या मेरी अर्प्सने अंतिम सामन्यात स्पेनच्या जेनी एर्मोसोची पेनल्टी अडवली आणि स्पर्धेतील सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार मिळवला. तरीही त्या स्पर्धेच्या वेळी तिच्या जर्सीची प्रत बाजारात विक्रीलाच नव्हती, कारण गोलरक्षकाची जर्सी कोण विकत घेणार, असा समज होता. चाहत्यांनी मोठ्या संख्येने मागणी केल्यावर ती विक्रीस आली आणि पाहता पाहता संपली. २०२१ मध्ये ती संघाबाहेर होती आणि खेळ सोडण्याच्या विचारात होती, हे तिनेच पुढे सांगितले आहे. सरिना विगमन यांनी प्रशिक्षक झाल्यावर तिला बोलावले. तोवर ती मँचेस्टर युनायटेडसाठी नियमित खेळत होती, म्हणून बोलावणे आले त्या दिवशी ती तयार होती.

क्रीडाशिक्षिका_कोल्हापूर

सर्वांचे आभार. इतके सविस्तर कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती.

त्या आईशी काल बोलले. शाळेच्या संघात पहिली जागा मिळण्याची खात्री मी देऊ शकत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले. त्याबरोबर तीन गोष्टी कबूल केल्या. पहिली, मैत्रीपूर्ण सामन्यांत दोघींना आलटून पालटून पूर्ण सामना मिळेल, अर्धा नाही. दुसरी, आमच्या भागात मुलींचा एक नवीन क्लब उभा राहतो आहे आणि त्यांच्याकडे गोलरक्षकच नाही; शाळेच्या स्पर्धा नसतील त्या काळात ही मुलगी तेथे पहिली गोलरक्षक म्हणून खेळेल, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. तिसरी, डोक्याला मार लागला तर त्या दिवसाचा खेळ संपला, हा नियम दोघींना आणि त्यांच्या पालकांना आधीच सांगून ठेवला जाईल. आईने वर्षभरासाठी होकार दिला आहे.

फिजिओ_पुणे, उडी मारून उतरण्याच्या व्यायामाचा क्रम आणि तो आठवड्यातून किती वेळा द्यावा, हे आपण येथेच लिहिलेत तर इतर शिक्षकांनाही उपयोग होईल. आमच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात लांब उडीसाठी वाळूचा खड्डा आहे; झेप शिकवायला तो पुरेसा आहे का, हेही कळवावे.